दम लागतोय, पाय सुजलेत: टू-डी इकोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे. माझ्या ओपीडीत इको मशीन, म्हणजे आवाजाच्या लहरींनी हृदय पडद्यावर दाखवणारं मशीन आहे आणि आजूबाजूच्या गावांतून दम लागणारे, पाय सुजलेले रुग्ण रोज येतात. त्यांचे, त्यांच्या मुला-सुनांचे आणि त्यांना पाठवणाऱ्या फॅमिली डॉक्टरांचे प्रश्न बरेचदा तेच असतात. रुग्णांचे आधी घेतलेत, डॉक्टरांचे नंतर.

आईला दमा आहे, पंप चालू आहे. मग हृदयाची तपासणी कशाला?

दम लागणं हे लक्षण आहे, दमा हा आजार आहे. आपल्याकडे दोन्ही शब्द इतके जवळ आहेत की दम लागला म्हटलं की घरातले दमाच धरतात आणि घाईच्या ओपीडीत डॉक्टरही कधी कधी तेच धरतात. दम फुफ्फुसामुळे लागतो, हृदयामुळे लागतो, रक्त कमी असलं तरी लागतो.

दीड वर्ष पंप ओढणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या होत्या. चुलीवरचा स्वयंपाक, त्यामुळे दमा असेल हे सगळ्यांना पटलेलं. मी विचारलं, "झोपताना उशा किती घेता?" त्या म्हणाल्या, "उशी कुठली, ज्वारीच्या पोत्याला टेकून बसते रात्रभर." आडवं झाल्यावर दम वाढणं आणि उठून बसल्यावर बरं वाटणं, ही हृदयाकडे बोट दाखवणारी खूण आहे. दम्यातही रात्री त्रास होतो, म्हणून नुसत्या खुणेवर निदान ठरवायचं नसतं. इको केला. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, मायट्रल, आकसून बोटभरही उघडत नव्हती. लहानपणी सांधे सुजून ताप आल्याचं त्यांच्या आईला आठवलं. हा संधिवाताच्या तापाने झालेला झडपेचा आजार. पुढे मोठ्या रुग्णालयात फुग्याने झडप उघडली आणि पोतं परत कोठीत गेलं.

त्यांच्या आधीच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे स्टेथोस्कोप होता आणि बाहेर साठ माणसं बसलेली होती. इको जवळ असता तर ही दीड वर्षं वाचली असती, एवढंच म्हणायचं आहे.

डॉक्टर "हार्ट फेल्युअर" म्हणाले. म्हणजे हार्ट फेल? किती दिवस उरले?

आपल्या बोलण्यात "हार्ट फेलने गेले" म्हणजे माणूस अचानक गेला. डॉक्टर त्या अर्थाने बोलत नसतात. हृदय चालू असतं, पण शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलताना कमी पडतं, किंवा ढकलतं पण त्यासाठी आतला दाब फार वाढतो. मग मागे पाणी तुंबतं. फुफ्फुसात तुंबलं की दम लागतो, पायात उतरलं की सूज येते. पायावर बोट दाबून धरलं आणि काढल्यावर खळगा राहिला, तर ती अशी सूज असू शकते.

आजार गंभीर आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. देशातल्या ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदणीत सरासरी वय साठीच्या आसपास निघालं आणि भरती झाल्यापासून ९० दिवसांत साधारण सातांतला एक दगावला. तो आकडा रुग्णालयात भरती होण्याइतक्या आजारी लोकांचा होता, हे ध्यानात ठेवा. चालत ओपीडीत आलेला माणूस वेळेत ओळखला आणि औषधं नीट घेतली, तर वर्षानुवर्षं शेतात जातो. असे माझ्याकडे बरेच आहेत.

इको करताना दुखतं का? उपाशीपोटी यायचं का?

दुखत नाही, सुई नाही, किरण नाहीत. पोटाच्या सोनोग्राफीत असतो तोच आवाजाच्या लहरींचा प्रकार. स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये अशा लहरींनी पहिल्यांदा हृदयाच्या हालचाली टिपल्या. जेवून आलात तरी चालतं. रोजच्या गोळ्या घेऊनच या.

खोलीत अंधार करतात, कारण पडदा नीट दिसावा लागतो. डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली घेऊन झोपवतात. छातीला तीन वायरी लावतात. मग गार जेल आणि प्रोब. "श्वास सोडा, आता धरा" असं मधे मधे सांगतात, कारण फुफ्फुसातल्या हवेतून लहरी पुढे जात नाहीत. घर्र घर्र असा मोठा आवाज येतो तेव्हा बायका दचकतात. तो रक्ताच्या वेगाचा आवाज आहे, मशीनने ऐकवलेला. नीट केलेल्या इकोला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ज्याला आडवं झोपताच येत नाही त्याचा इको बसवून करायचा, त्याला जबरदस्तीने झोपवायचं नाही.

कार्डिओग्राम नॉर्मल आहे. तरी इको लागतो?

कार्डिओग्राम हृदयातली वीज दाखवतो, इको हालचाल आणि रचना दाखवतो. कार्डिओग्राम अगदी स्वच्छ असेल तर पंपिंग फार कमी असण्याची शक्यता बरीच घटते. म्हणून तो आधी काढायचा, स्वस्त आहे आणि बहुतेक ठिकाणी होतो. पण झडपेचा आजार किंवा ताठरलेलं हृदय त्यात सुटू शकतं. लक्षणं बोलत असतील तर कार्डिओग्रामच्या पट्टीवर थांबू नका.

पंपिंग ४० टक्के आलं. म्हणजे ६० टक्के हृदय निकामी?

नाही. हा गैरसमज इतक्या घरांत झोप उडवतो की रिपोर्ट देताना मी तो आधीच खोडून काढतो. हृदय शंभर टक्के कधीच रिकामं होत नाही. डाव्या खालच्या कप्प्यात १०० मिली रक्त भरलं, तर निरोगी हृदय एका ठोक्याला साधारण ५५ ते ७० मिली बाहेर टाकतं. याला ईएफ म्हणतात. म्हणजे ४० ची तुलना ६० शी करायची, शंभराशी नाही.

उपचाराच्या दृष्टीने ४० किंवा खाली म्हणजे पंपिंग कमी, ४१ ते ४९ म्हणजे थोडं कमी, ५० किंवा वर म्हणजे पंपिंग राखलेलं. या रेघा माणसांनी आखल्यात. एकाच रुग्णाचा इको दोन डॉक्टरांनी केला तर पाच टक्के इकडेतिकडे सहज होतं. गेल्या वेळी ३५ होतं, आता ३२, म्हणून रडू नका. ३५ चं ३८ झालं म्हणून पेढेही वाटू नका. ठोके अनियमित असतील तर प्रत्येक ठोक्याला आकडा बदलतो, तेव्हा चार-पाच ठोक्यांची सरासरी काढावी लागते.

उलट प्रश्न: पंपिंग ६० टक्के, रिपोर्ट नॉर्मल म्हणतात, पण बाबांना जिना चढवत नाही.

पंपिंग चांगलं असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं. अशा हृदयात पिळायची ताकद असते, पण सैल पडून भरून घेण्याची तयारी नसते. वय, वर्षानुवर्षांचं बीपी, शुगर, वजन, अनियमित ठोके अशी पार्श्वभूमी असते. इकोत डावा वरचा कप्पा मोठा दिसतो, स्नायू जाड दिसतो, डॉप्लरवर, म्हणजे इकोतल्या रक्ताचा वेग मोजणाऱ्या भागावर, आतला दाब वाढल्याच्या खुणा मिळतात. "ईएफ ६०, नॉर्मल" एवढं एका ओळीत लिहिलेला रिपोर्ट अशा माणसाला न्याय देत नाही. दम लागण्याचं दुसरं कारण सापडत नसेल तर पुन्हा दाखवा. रक्त, थायरॉइड, फुफ्फुस यांचीही तपासणी राहिली नाही ना, तेही पाहा.

रिपोर्टमध्ये "ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन" आणि "ट्रिव्हिअल टीआर" लिहिलंय. गूगल केलं आणि घाबरलो.

साठीपुढच्या खूप लोकांच्या रिपोर्टात पहिली ओळ असते. स्नायू वयानुसार थोडा ताठर झालाय, एवढाच तिचा अर्थ. दम नसेल, सूज नसेल, वरचा कप्पा मोठा नसेल तर तेवढ्यावरून हार्ट फेल्युअर म्हणत नाहीत. बीपी आणि शुगर सांभाळा. टीआर म्हणजे उजव्या बाजूच्या झडपेतून होणारी गळती. ती नखाएवढी असेल तर निरोगी माणसातही दिसते. मशीन बारीक दाखवतं म्हणून आम्ही लिहितो.

सुनेला बाळंतपणानंतर दम लागतोय. सगळे म्हणतात अशक्तपणा आहे.

या प्रश्नाला मी कधीच फोनवर उत्तर देत नाही, घेऊन या म्हणतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत काही बायकांचं पंपिंग अचानक घसरतं. आधी हृदयाचा काही त्रास नसतो. सूज, दम, रात्रीचा खोकला या तक्रारी बाळंतिणीच्या थकव्यात मिसळून जातात. जागरण, दूध पाजणं, रक्त कमी, सगळी कारणं हाताशी असतात, त्यामुळे कुणाला वेगळं वाटत नाही. दुसरीकडे, आधीपासून आकसलेली झडप गरोदरपणात पहिल्यांदा उघडी पडते, कारण तेव्हा शरीरात रक्त वाढतं आणि ठोकेही वाढतात.

आशाताई आणि नर्सताई हे वाचत असतील तर खास सांगतो. बाळंतीण आडवी पडू शकत नसेल, बोलताना धाप लागत असेल, तर लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वेळेत उपचार मिळाले तर यातल्या बऱ्याच जणींचं हृदय सावरतं.

इको कुठे होतो? खर्च किती?

प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा होत नाही. जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय हे सरकारी पर्याय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पण डॉक्टर कोणत्या वारी असतात हे आधी विचारून मगच एसटी पकडा. एक दिवसाची मजुरी बुडणं हाही खर्चच आहे. खाजगीत तालुक्याच्या ठिकाणी साधारण हजार ते अडीच हजार रुपये पडतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. झडपेची किंवा बायपासची शस्त्रक्रिया लागली तर तिचा मोठा आधार मिळतो. नुसता ओपीडीतला इको त्यात बसेल असं धरून चालू नका. शाळेतल्या किंवा अंगणवाडीतल्या मुलाचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा.

आधी रक्ताची तपासणी करायची की थेट इको?

इथून पुढे मुख्यतः डॉक्टर मित्रांशी बोलतो.

ब्रिटनमध्ये हार्ट फेल्युअरची शंका आली की फॅमिली डॉक्टर आधी रक्तातलं एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की वाढणारं रसायन, पाहतात. तिथल्या नाइस या उपचारांची मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार आकडा ४०० च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी. ४०० ते २००० असेल तर सहा आठवड्यांत तज्ज्ञांची तपासणी आणि इको, २००० च्या वर असेल तर दोन आठवड्यांत. तिथे इकोची रांग लांब, म्हणून रक्ताची तपासणी दारावर उभी केलीय. ते त्यांच्या व्यवस्थेला धरून आहे.

आपल्याकडे तालुक्याच्या गावात हीच रक्ततपासणी अनेकदा इकोइतकी किंवा त्याहून महाग पडते, नमुना शहरात जातो आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येतो. शिवाय झडपेचे आजार आपल्याकडे जास्त आणि तरुण वयात दिसतात. त्यामुळे माझं मत असं: स्टेथोस्कोपने मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली, पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला असेल, कार्डिओग्राम बिघडलेला असेल किंवा बाळंतीण असेल, तर रक्ताच्या तपासणीवर पैसे न घालवता थेट इको करा. लठ्ठ माणूस, जुना धूम्रपान करणारा, गुडघे दुखतात म्हणून चालत नाही आणि चाललं तर धापतो, असं सगळं गोंधळाचं असेल तेव्हा एनटी-प्रोबीएनपी खरं उपयोगी पडतं. लठ्ठपणात हा आकडा खोटा कमी येतो. वय, किडनीचा आजार आणि अनियमित ठोके यांत तो वाढलेला असतो.

इको होईपर्यंत उपचार थांबवायचे का?

नाही. पाणी भरलंय हे समोर दिसत असेल तर लघवीची गोळी सुरू करा. बीपी, किडनी आणि पोटॅशियम पाहा आणि इकोची तारीख घ्या. ऑक्सिजन ९० च्या खाली, वाक्य पुरं करता येत नाही, गुलाबी फेस येतोय, छातीत दुखतंय किंवा चक्कर येऊन पडलाय, अशा रुग्णाला इकोला नाही, १०८ बोलावून रुग्णालयात पाठवा. इकोच्या टेबलावर आडवं करताना रुग्ण गेल्याचं मी पाहिलंय. आधी नळी, सुई, ऑक्सिजन. प्रोब त्यानंतर.

चिठ्ठीत काय लिहू? "इको करावा" पुरत नाही का?

पुरत नाही. प्रश्न जितका स्पष्ट, तितकं उत्तर उपयोगी. "तीन आठवडे दम, आडवं झाल्यावर वाढतो, बीपी १६०/१००, मर्मर नाही, पट्टीत डावा बंडल ब्रांच ब्लॉक, मेटफॉर्मिन आणि अम्लोडिपिन चालू. पंपिंग कमी आहे का?" एवढ्या तीन ओळींनी माझं डोकं योग्य दिशेने चालतं. जुना रिपोर्ट सोबत पाठवला तर फारच उत्तम.

आणि माझ्याकडून तुम्ही काय मागायला हवं, तेही सांगतो. ईएफ आणि तो मोजून काढलाय की नजरेने, कप्प्यांची मापं, कुठल्या भिंतीची हालचाल मंद आहे का, झडप बिघडली असेल तर किती, फुफ्फुसाच्या धमनीतला दाब, खालची महाशीर फुगली आहे का, हृदयाभोवती पाणी आहे का. क्षयरोग आपल्याकडे गेलेला नाही, त्यामुळे ते पाणी नसल्याचंही रिपोर्टात लिहिलेलं हवं. त्या वेळचं बीपी आणि ठोके. शेवटी एका वाक्यात: हे लक्षणांचं कारण वाटतं की नाही. मापं भरपूर आणि निष्कर्ष नाही, असे रिपोर्ट पाहिले की मला त्या रुग्णाची काळजी वाटते.

खिशात मावणारं मशीन घेऊ का? गावातच पाहता येईल.

वैद्यकीयदृष्ट्या त्याचा उपयोग आहे. पंपिंग बरं, कमी की फार कमी; हृदयाभोवती पाणी आहे का; उजवा कप्पा फुगलाय का; महाशीर भरलीय का, एवढे ढोबळ प्रश्न चांगलं शिकलेला डॉक्टर पाच मिनिटांत सोडवतो. झडपेतला दाब मोजणं, ताठर हृदयाचं निदान, ही कामं त्याच्यावर सोपवू नका. अशी तपासणी पूर्ण इकोची जागा घेत नाही, कोणाला आधी पाठवायचं ते ठरवते. छातीत हवा भरलेल्या जुन्या सीओपीडीच्या रुग्णात नेहमीच्या जागी काहीच दिसत नाही. तिथे बरगड्यांच्या खालून, बेंबीच्या वरच्या बाजूने पाहायला शिका. हे शिकण्यात माझी सहा महिन्यांची मेहनत गेली, पण गावाकडच्या रुग्णांसाठी तीच जागा रोज कामाला येते.

कायदा मात्र आधी समजून घ्या. गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्र कायदा, १९९४ नुसार गर्भलिंग कळू शकेल अशा प्रत्येक मशीनची नोंदणी लागते, मग तुम्ही त्याने फक्त हृदय पाहणार असलात तरीही. २०१२ मध्ये नियमांत भर पडली: हलवता येणारं मशीन नोंदलेल्या जागेच्या आत, भरती रुग्णांसाठीच वापरता येतं, किंवा इतर सेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. म्हणजे दुचाकीच्या डिकीत घालून वस्तीवर नेता येत नाही. मशीन विकत घेण्याआधी जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडून तुमची पात्रता आणि जागा यांबद्दल लेखी उत्तर घ्या. विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर राहू नका. या कायद्याची आपल्या राज्याला किती गरज होती हे मुलींच्या घटलेल्या संख्येने दाखवलंय, त्यामुळे मी त्याच्यावर रागावत नाही. फक्त हृदयापुरत्या, गर्भ दाखवूच न शकणाऱ्या मशीनसाठी वेगळी वाट निघावी, असं मला मनापासून वाटतं.

नर्सताईंना शिकवून इको करता येईल का?

शिकता येतं, यात शंका नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इकोचा अनुभव नसलेल्या आठ नर्सनी, प्रोब कसा फिरवायचा हे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने २४० रुग्णांची चित्रं घेतली. पंपिंग आणि हृदयाभोवतीचं पाणी जवळजवळ सगळ्यांत ठरवता येण्याइतकी ती चांगली होती. चित्रं वाचली तज्ज्ञांनी. आपल्याकडे कायद्यामुळे हे आज थेट उचलता येणार नाही. पण उशा किती, रात्री उठून बसता का, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं का, हे विचारायला नोंदणी लागत नाही आणि हे काम नर्सताई आणि आशाताई माझ्यापेक्षा चांगलं करतात.

पंपिंग ३० चं ५५ झालं. आता गोळ्या बंद करू?

करू नका. लंडनमध्ये झालेल्या ट्रेड-एचएफ अभ्यासात पंपिंग सुधारलेल्या ५१ रुग्णांपैकी निम्म्यांची औषधं हळूहळू कमी करून थांबवली. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांचा आजार उलटला. औषधं चालू असलेल्या गटात त्या काळात एकाचाही उलटला नाही. पंपिंग चांगलं दिसतंय ते गोळ्यांमुळे. डोस कमी करायचा असेल तर डॉक्टरांशी बोलून, एक एक.

पुन्हा इको कधी?

औषधांचे डोस बसल्यावर साधारण तीन महिन्यांनी. तोवरही पंपिंग ३५ किंवा खाली राहिलं तर छातीत बसवायच्या, धोकादायक ठोके झटका देऊन थांबवणाऱ्या मशीनचा विचार होतो, म्हणून ही तारीख चुकवू नका. नंतर लक्षणं बदलली तर. दर महिन्याला करून काही मिळत नाही, ते पैसे गोळ्यांना ठेवा.

येताना जुना रिपोर्ट आणा. इकोचे फोटो उष्णतेवर छापणाऱ्या कागदावर असतात, हळूहळू पुसट होतात. जपून राहावेत म्हणून लोक लॅमिनेट करून आणतात आणि गरम मशीनमधून गेल्यावर सगळा कागद काळा पडलेला असतो. त्याच दिवशी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.